एक पूर्णांक चार शतांश

शनिवारी पर्वरीला, टायरच्या दुकानावरच्या माडीत
आम्ही एकवीस जण जमलो. खुर्च्या सोळा.
विषय एकच : ते नवं अवजार घ्यायचं की नाही.
ऑर्लो त्याचं नाव. कोणी ठेवलं, का ठेवलं, ठाऊक नाही;
पण महिनाभर पोरं ते असं घेतायत
जसं नवसाला पावलेल्या देवाचं.

प्रज्योत केंकरे म्हणाला, जे घेणार नाहीत
ते दोन वर्षांत संपले.
(दोन वर्षांपूर्वीही तो हेच म्हणाला होता, दुसऱ्या एका नावाबद्दल.
ते नाव आता त्यालाही आठवत नाही.)
फ्लाविया म्हणाली, माझी रात्रपाळी सुटली याच्यामुळे,
पोरीला निजवायला घरी असते मी,
तुमचं तत्त्वज्ञान तुम्हाला लखलाभ.
यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही.

मग ब्रेंडन उठला. वय तेवीस, पायात फुटबॉलचे मोजे.
"ताई, तुझाच कोड दे."
दिला. मालीमच्या बर्फ कारखान्याची बिलं,
चोवीस वर्षांपूर्वी इनासबाबने लिहिलेली,
आणि पंधरा वर्षं मी सांभाळलेली
जशी शेजाऱ्याची किल्ली सांभाळतात :
वापरायची नाही, हरवायचीही नाही.

अकरा मिनिटं. पंखा घरघरत होता.
नऊ हजार ओळींच्या बाराशे झाल्या,
स्वच्छ, भांग पाडलेल्या.
खाली एक टीप, अगदी अदबीनं :
वजनाला १.०४ ने गुणलं जात होतं.
कारण सापडलं नाही. काढून टाकलं आहे.

मला हवं होतं तेच हाती आलं.
उभी राहिले. बोलले. खूपच बोलले,
की याला धक्का माहीत नाही, ऊन माहीत नाही,
बर्फ वितळतो हे याला कोण सांगणार,
की ज्या आकड्याचं कारण दिसत नाही
त्याच्या पोटात कोणाचे तरी हात भाजलेले असतात.
मागच्या रांगेतल्या पिकल्या केसांनी टाळ्या वाजवल्या.
प्रज्योत मोबाइलमध्ये.
ब्रेंडनने फक्त विचारलं,
"पण ताई, कारण काय?"

मलाही माहीत नव्हतं.

इनासबाबला फोन लावला, स्पीकरवर.
तो दिवाडीला, मागे कोंबड्या.
"अगो, तें अजून आसा?"
हसला, खोकला, पुन्हा हसला.
तेव्हा कारखान्यापासून धक्क्यापर्यंत हातगाडी होती,
वर भुसा, वर गोणपाट, तरी
शंभराचे शहाण्णव उरायचे.
म्हणून चार किलो वर.
"मागीर घसरगुंडी घाली. आतां बर्फ थेट होडयेंत पडटा.
ती वळ तुवें केन्नाच काडली आसतली
अशें म्हाका दिसलें."

घसरगुंडीला बारा वर्षं झाली.

बारा वर्षं दर होडीला
शंभराच्या पैशांत एकशे चार.
आणि धक्क्यावर म्हणतात, मी स्वतः ऐकलंय,
की इथला मालक हाताचा सैल, देवमाणूस.
मालकाला यातलं काही माहीत नाही.
तो म्हापशाला बसतो, बिलावर सही करतो,
आणि सणाला तांडेल त्याच्या घरी
विसवण पाठवतात, शेपटीसकट.

मतदान झालं. चौदा घ्या, सहा नको.
एकविसावी मी, बाटलीचं झाकण शोधत होते.

संध्याकाळी ब्रेंडनच्या स्कूटरवर मागे बसून
मालीमला उतरले. का, ते विचारलं नाही त्यानं.
पलीकडे पणजीत कॅसिनोंचे दिवे लागत होते.
भरडयंत्र चालू होतं. एक खलाशी क्रेट धरून
तोंड वर करून उभा,
जसं कोणी वर बघतं देणाऱ्याकडे.

भिंतीवर बसून ब्रेंडनने लॅपटॉप मांडीवर घेतला.
"ठेवू, का जाऊ दे?
ठेवलं तर पुढं कारण लिहावं लागेल.
काय लिहू?"

मी काहीतरी सांगितलं.
तेवढ्यात बर्फ सुटला.
तो म्हणाला, आं?